पाणबुडीत अकरा वर्षं, समुद्र पाहिला तो आत्ता: मालवणचं स्कूबा डायव्हिंग

माझा जन्म मालवणचा. घर धक्क्यापासून चालत दहा मिनिटांवर, बाबा मच्छीमार. मी पंधरा वर्षं नौदलात काढली, त्यातली अकरा पाणबुडीवर. तरीही समुद्राच्या पोटात डोळे उघडून पाहिलं ते या फेब्रुवारीत, वयाची सदतीस पूर्ण झाल्यावर, आणि तेसुद्धा पुण्याहून आलेल्या भाचीच्या हट्टामुळे. "मामा, तू पाणबुडीत होतास आणि स्कूबा नाही केलास?" असं तिने जेवताना विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

लोकांना वाटतं पाणबुडीत गोल काचेच्या खिडक्या असतात आणि बाहेरून मासे जातात. आमच्या बोटीला (पाणबुडीवाले तिला बोटच म्हणतात, जहाज नव्हे) एकही खिडकी नव्हती. पेरिस्कोप अधिकाऱ्यांच्या हातात, आणि त्यातूनही दिसतं ते पाण्याच्या वरचं. आम्ही बाकीचे पन्नास जण लोखंडाच्या नळीत. म्हणून हा अनुभव मी जरा लांबवून लिहिणार आहे. ज्यांना फक्त दर आणि वेळ हवी आहे त्यांच्यासाठी आधी तेवढं सांगतो.

माणशी ८०० रुपये दिले, त्यात होडी, सामान, सोबत एक प्रशिक्षक आणि पाण्याखालचे फोटो-व्हिडिओ. सकाळी साडेआठची वेळ होती, होडी सुटली सव्वानऊला. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला खडपात, म्हणजे पाण्याखालच्या खडकांत नेलं. खोली सहा-सात मीटर. तीस मिनिटं पाण्याखाली असं सांगितलं होतं, माझ्या घड्याळाप्रमाणे सतरा मिनिटं मिळाली. पोहता येत नसलं तरी नेतात, प्रशिक्षक सतत धरून असतो. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण पुढे काही तक्रारी आहेत, मुलं गावातलीच आहेत, आणि त्यांचं चांगलंही तितकंच सांगायचं आहे. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात अशी पुष्कळ केंद्रं आहेत. पुढे जे लिहिलंय ते कुठेही जाण्याआधी विचारता येईल.

दिवस कुठला निवडायचा हे कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात जाऊ नका. पाणी जोरात आत-बाहेर होतं, तळाची रेती उठते, आणि हातभरापलीकडचं दिसत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी, तेव्हा पाणी निवळतं. आमच्या बाबांच्या पिढीला हे पंचांग न बघता कळायचं. आम्ही गेलो तो भांगेचाच दिवस होता, वारा सकाळी पडलेला, आणि पाच-सहा मीटर लांबचं खडप स्वच्छ दिसत होतं. डिसेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले महिने. पावसाळ्यात हे सगळं बंदच असतं.

आता प्रशिक्षकाबद्दल. मुलगा पंचविशीतला असेल, आमच्याच बाजूच्या वाडीतला. त्याचा आजा आणि माझे बाबा एकाच रापणीला (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला असायचे, हे होडीत बसल्यावर कळलं. मी नौदलात होतो हे भाचीने त्याला आधीच सांगून टाकलं होतं. "काका, तुमी नेव्हीतले मां? मगे तुमका आमी काय शिकवतलव?" तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, मला कोरा समज आणि एकही शब्द न गाळता सगळं सांग. त्याने सांगितलंही नीट. कान दुखायला लागले की थांबायचं, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. अंगठा वर म्हणजे वर जायचं. बोटांचं गोल म्हणजे ठीक. मास्कमध्ये पाणी आलं तर वरची कड दाबून नाकाने हवा सोडायची. हे सगळं त्याने आधी कमरेभर पाण्यात करून घेतलं, आणि भाचीला जमेपर्यंत तीनदा करून घेतलं. "भियां नको गो, मी हंयच आसय," असं म्हणत तिचा हात धरून उभा राहिला. या एका गोष्टीसाठी मी त्याला पूर्ण गुण देतो.

पण सगळ्यात महत्त्वाचा नियम त्याने एकदाच, घाईत सांगितला, आणि तो मला इथे ठळक करायचा आहे: श्वास कधीही रोखून धरायचा नाही, विशेषतः वर येताना. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. दहा मीटरवर छातीत घेतलेली हवा पृष्ठभागावर येईतो दुप्पट जागा मागते. तोंड मिटून वर आलात तर ती जागा फुप्फुसं फाडून घेते, आणि त्याला दहा मीटरही लागत नाहीत. विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर पाणबुडीचं शिक्षण झालं तेव्हा सुटकेच्या सरावात हेच आमच्याकडून घोकून घेतलं होतं. टॉर्पेडोच्या नळीतून सरपटत बाहेर पडायचं, मग पाण्यातून वर. ती नळी ५३३ मिलिमीटर व्यासाची. खांदे तिरके केल्याशिवाय माणूस आत शिरत नाही, आणि मागून झाकण बंद झालं की पाणी पायाकडून चढत येतं. मी एकोणीस वर्षांचा होतो. त्या अंधारात मला कुणकेश्वर आठवला, आणि मी बारा ज्योतिर्लिंगांची नावं म्हणत राहिलो. दहावं नाव आलं तेव्हा पुढचं झाकण उघडलं. तर, श्वास सोडत राहा. प्रशिक्षकाने एकदाच सांगितलं तरी तुम्ही स्वतःला दहा वेळा सांगा.

सामान मी तपासलं, सवयीने. सिलिंडरला इथे सगळे 'ऑक्सिजन' म्हणतात, आत मात्र आपली साधीच हवा दाबून भरलेली असते. काटा १८० बारवर होता, चांगला. रेग्युलेटर तोंडात घेण्याआधी मी हवा हुंगली. भाची माझ्याकडे बघत राहिली. पाणबुडीत हवा हे काय प्रकरण असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दोन-तीन दिवस खाली राहिलं की हवा जड होते, डोकं दुखतं, माणसं उगाच चिडतात. मग पेरिस्कोपच्या खोलीवर येऊन वर नळी काढायची, तिच्यातून हवा ओढत डिझेल इंजिनं चालवायची आणि बॅटऱ्या भरून घ्यायच्या. आमच्या जातीच्या बोटीत १२० घटांचे दोन संच, म्हणजे २४० घट. वरून लाट आली की नळीचं झाकण आपोआप मिटतं आणि इंजिनं बोटीतलीच हवा ओढतात. कानात फट्ट होतं, पुन्हा उघडतं, पुन्हा फट्ट. खवळलेल्या समुद्रात रात्रभर हे चालायचं. अशा ठिकाणी अकरा वर्षं काढलेल्या माणसाला हवेतला डिझेलचा वास लगेच लागतो. इथे तसा वास नव्हता. परत आल्यावर मी मुद्दाम त्यांचा कंप्रेसर बघून आलो. हवा ओढणारी नळी इंजिनच्या धुराच्या विरुद्ध बाजूला आणि उंचावर लावलेली होती. हे तुम्हीही विचारा. धूर मिसळलेली हवा दाबून भरली तर पाण्याखाली चक्कर येऊ शकते, आणि तिथे ती येण्याची जागा नव्हे.

वेट सूट मात्र ओलाच दिला, आधीच्या माणसाच्या अंगावरून उतरलेला, आणि त्याला वास होता. तोंडात धरायचा रबराचा भाग समुद्राच्या पाण्यात एकदा बुचकळून पुढच्याला दिला. हे मला पटलं नाही. जंतुनाशकाची एक बादली होडीत ठेवायला जागाही लागत नाही, पैसेही फार लागत नाहीत. मी मागितलं तेव्हा पिण्याच्या पाण्याची बाटली दिली, तिने धुऊन घेतलं.

आणि मग आम्ही खाली गेलो.

माझं काम सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी सोनारवर होतो. सोनार म्हटलं की आमच्याकडे दागिने घडवणारा, म्हणून घरी मी "बोटीचे कान" एवढंच सांगायचो. कानाला हेडफोन, समोर पडदा, चार चार तासांची पाळी. बोट काही बघत नाही, ऐकते. आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे दीड किलोमीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि खूप लांबून येतो. आवाज आला की दिशा अंशात सांगायची, पंख्याचे फेरे मोजायचे, पाती किती ते ओळखायचं, आणि सांगायचं, व्यापारी जहाज आहे, की ट्रॉलर, की आणखी कोणी. बोटीचं नाव, आम्ही कुठे गेलो, किती खोल, हे मी लिहिणार नाही. विचारूही नये. पण समुद्र कसा ऐकू येतो ते सांगायला हरकत नाही.

किनाऱ्याजवळ आलं की तडतड सुरू होते, फोडणीत मोहरी टाकल्यासारखी, आणि ती थांबतच नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं यंत्रच बिघडलं. वरिष्ठ हसले. म्हणाले, कोळंबी आहे. एक लहान जात आहे, तिचा एक डेंगा मोठा असतो. तो ती इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होऊन फुटतो, आणि तो फुटण्याचा हा आवाज. हजारोंनी असतात खडपात. डॉल्फिन शिट्या मारतात आणि मधूनच करकरतात, तेल न घातलेल्या बिजागरीसारखं. एकदा जूनमध्ये अचानक सगळ्या दिशांनी एकसारखा सूंऽऽ असा आवाज भरून आला आणि काही केल्या जाईना. पाऊस होता. समुद्रावर पडणारा पहिला पाऊस मी खालून ऐकला. वर येऊन भिजायची सोय नव्हती. त्या रात्री मी घराच्या कौलांची फार आठवण काढली.

आणि मच्छीमारांचे ट्रॉलर. तीन पात्यांचा पंखा, जुनं इंजिन, मध्येच एक ठोका चुकणारं. त्यांची नोंद करताना माझा हात थबकायचा. बाबांच्या ओळखीतलं कोणी असेल का वर, असं वाटायचं. त्या खलाशाला ठाऊकही नाही की त्याच्या इंजिनचा ठोका चुकतोय हे खाली एका गाबिताच्या पोराला ऐकू येतंय.

बाबाही ऐकायचे, हे मला फार नंतर सुचलं. मी लहान असताना होडीतून जाताना ते इंजिन बंद करायचे, वल्ह्याचं पातं पाण्यात सोडून दांड्याचं टोक कानाला लावायचे आणि मला बोलू नको म्हणून खूण करायचे. घोळ मासा पोटातून गुरगुरतो, तो लाकडातून वर येतो. मलाही एकदा लावून दिलं होतं. मला काही ऐकू आलं नाही आणि मी आलं म्हणून सांगितलं.

४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिन इथे सिंधुदुर्गात साजरा झाला, तारकर्लीच्या किनाऱ्यासमोर प्रात्यक्षिकं झाली. तेव्हा बाबांना घेऊन गेलो होतो. मी तोवर निवृत्त झालो होतो. पाणबुडी लांबून दिसली, काळी, पाण्यात अर्धी. बाबा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आत बसान दिसता काय रे?" मी म्हटलं, "कायच दिसणा नाय." त्यावर ते काही बोलले नाहीत.

तर आम्ही खाली गेलो. मी दोरीला धरून, प्रशिक्षकाचा हात माझ्या सिलिंडरच्या पट्ट्यावर. दोन मीटरवर कान भरले, फुंकलं, उघडले. आणखी खाली. एक गार थर पोटऱ्यांना लागला, मग कमरेला, मग छातीला. बोटीत असे थर मी आलेखावर बघायचो. गरम आणि थंड पाण्याच्या सीमेवर आवाज वाकतो, दुपारी वरचं पाणी तापलं की सोनारची पोच कमी होते, त्याच्या मागे लपता येतं. हे सगळं पाठ होतं, पण तो थर गार लागतो हे अंगाला माहीत नव्हतं.

आणि मग ते ऐकू आलं. मोहरी. माझ्या श्वासाचे बुडबुडे गेले की मधल्या शांततेत तडतड, तडतड, सगळ्या बाजूंनी. हेडफोन नाही, यंत्र नाही, माझ्याच कानात. मी तळाजवळ थांबलो आणि हलेना. प्रशिक्षकाने काळजीने बोटांचं गोल करून विचारलं, ठीक? मी गोल केलं. तो मला पुढे न्यायला लागला तर मी त्याचा हात दाबून थांबवलं. त्याला काय झालं ते कळलं नसणार. मी समोरच्या खडपाकडे बघत होतो. काळा खडक, त्याला कालवं चिकटलेली, भेगांमधून शेवाळ हलतंय, आणि आवाज त्या भेगांमधून येतोय. अकरा वर्षं मी ज्याला पडद्यावरची खरखर म्हणून बाजूला काढत होतो, जिच्या पलीकडचं इंजिन शोधत होतो, ते हे होतं. कोणाचं तरी घर होतं.

मासे खूप होते. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे लहान मासे थव्याने येऊन मास्कला नाक लावून बघत होते. एक गोबरा दगडाखालून तोंड काढून बसला होता, बाजारात मेलेला बघितलाय तोच, पण जिवंत असताना त्याच्या अंगावरचे ठिपके रंग बदलतात हे कोणाला माहीत! पोपटासारख्या चोचीचा एक मासा खडक कुरतडत होता आणि ते कुरतडणंही ऐकू येत होतं. भाचीच्या मनगटावरचा तांबडा धागा तिथे तपकिरी दिसत होता. पाणी सगळ्यात आधी तांबडा रंग पिऊन टाकतं. तिने वर आल्यावर पहिली गोष्ट हीच सांगितली, की मामा, माझा धागा खाली वेगळाच झाला होता.

मध्येच वरून कुठल्यातरी होडीच्या इंजिनचा आवाज आला. मी ताबडतोब दिशा शोधायला लागलो, आणि मला ती सापडेना. बोटीत असतो तर दोन सेकंदांत अंश सांगितले असते. पण उघड्या कानाने पाण्यात दिशा कळतच नाही. आवाज इतका वेगाने येतो की दोन्ही कानांना एकाच वेळी मिळाल्यासारखा वाटतो, डोक्याच्या आतूनच येतोय असं होतं. म्हणून एक गंभीर सूचना: जिथे माणसं खाली आहेत तिथे वर खुणेचं निशाण आणि तरंगता बोया हवा, आणि होडीत एक माणूस फक्त आजूबाजूच्या होड्यांवर लक्ष ठेवायला हवा. आमच्या वेळी होडीत एक जण होता, पण तो पुढच्या गिऱ्हाइकाला सूट चढवत होता. निशाण नव्हतं. खालच्या माणसाला इंजिन कुठून येतंय ते कळत नाही आणि वरच्याला खाली कोण आहे ते दिसत नाही. किनाऱ्यावर बॅनाना राइडची आणि जेट स्कीची गर्दी वाढलेली असताना हे असं चालणं बरोबर नाही. मी परत आल्यावर त्या मुलाला आणि त्याच्या मालकाला शांतपणे सांगितलं. मालकाने ऐकून घेतलं, वहीत लिहूनही घेतलं.

आणखी दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे मासे जमवायला पाव आणि बिस्किटं चुरून टाकतात, फोटो चांगले येतात म्हणून. खडपातल्या माशाने बिस्किट खायचं नसतं. त्याचं काम खडपावरचं शेवाळ खाऊन प्रवाळ मोकळं ठेवायचं. पोट बिस्किटाने भरलं की ते काम कोण करणार? दुसरं, होडीचा नांगर सरळ खडपावर टाकला. मालवणचा हा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९ चौरस किलोमीटरांहून थोडा जास्त. प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर वाढतं, आणि नांगर ते एका फटक्यात मोडतो. कायमचे बोये बांधून होड्या त्यांना लावता येतात. हे मी मच्छीमाराचा मुलगा म्हणून लिहितोय. तीच खडपं माशांची पाळणाघरं आहेत. तिथे जी पिल्लं वाढतात तीच पुढे आमच्या जाळ्यात येतात.

वर येण्याआधी खडपाच्या एका बगलेत मला जुनं जाळं दिसलं. अडकून तुटलेलं, त्याच्यावर कालवं धरलेली, एका टोकाला शिशाच्या गुळ्या तशाच. बराच काळ तिथे असावं. त्यात एक खेकडा मेलेला होता आणि एक जिवंत. जिवंत होता त्याला प्रशिक्षकाने कात्रीने सोडवलं, मला न विचारता, कॅमेरा बाजूला ठेवून. आमच्या सतरा मिनिटांतली दोन मिनिटं त्यात गेली आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही.

वर आलो. भाची बडबडत होती, मला बोलता येत नव्हतं. मी किल्ल्याकडे बघत बसलो. हा किल्ला महाराजांनी १६६४ मध्ये बांधायला घेतला. या खडपांमुळेच जागा निवडली, शत्रूच्या मोठ्या जहाजाला जवळ येता येत नाही म्हणून, असं आम्हाला शाळेत शिकवलेलं. वरून बघितलं तर त्या खडपांवर फक्त फेस दिसतो.

मला आमच्यातले काही जण आठवले. १४ ऑगस्ट २०१३ च्या मध्यरात्री मुंबईच्या गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीवर स्फोट झाले आणि अठरा जण गेले. मी तेव्हा दुसऱ्या बोटीवर होतो. आमचे पाणबुडे गोदीच्या गढूळ पाण्यात हाताने चाचपत आत शिरत होते, डोळ्यांना काही दिसत नव्हतं. त्या आठवड्यात मी रोज आईला फोन केला, आणि काय बोलायचं ते न सुचून जेवण काय केलंस एवढंच विचारत राहिलो. त्या अठरांपैकी कोणीतरी हे पाणी, हे असं स्वच्छ, पाहिलं असेल का, हा विचार मनातून गेला नाही. याहून जास्त लिहवत नाही.

कोणी जावं? दमा, कानाचं जुनं दुखणं, हृदयाचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आमच्याकडून एका कागदावर सही घेतली, पण कोणी वाचून दाखवलं नाही. भाचीला लहानपणी बाळदमा होता, म्हणून मी आदल्या दिवशी तिच्या डॉक्टरांशी बोलून घेतलं होतं. सर्दी असताना अजिबात जाऊ नका, कान उघडत नाहीत. चिपीहून किंवा मोप्याहून विमानाने परत जाणार असाल तर बुडी शेवटच्या दिवशी ठेवू नका, एका बुडीनंतर किमान बारा तास विमान टाळायचं असतं. हे आम्हाला कोणी सांगितलं नाही, आणि आमच्या होडीतल्या एका जोडप्याचं त्याच संध्याकाळचं विमान होतं. मी सांगितलं, त्यांनी तिकीट बदललं.

सतरा मिनिटं ज्यांना कमी वाटतील आणि नीट शिकायचं असेल त्यांनी तारकर्लीला पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे तिथे चौकशी करावी. मी आता करणार आहे. नौदलातून निवृत्त झालेली युद्धनौका आयएनएस गुलदार २०२५ मध्ये राज्याकडे आली, निवतीच्या समुद्रात तिचं पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना आहे. ते झालं तर पहिल्या खेपेला मी असेन. आणि पाणबुडी आतून कशी असते हे बघायचं असेल तर विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कुरसुरा उभी आहे, २००२ पासून संग्रहालय म्हणून. मुलांना दाखवा. बिछाने किती रुंद आहेत ते जरूर बघा. माझी झोपायची जागा पहिल्या कप्प्यात, टॉर्पेडोंच्या शेजारी होती, आणि कूस बदलायची तर आधी बाहेर यावं लागायचं. अंघोळ म्हणजे ओल्या फडक्याने अंग पुसणं. पाव आठवड्याभरात बुरशी धरायचा, मग पोळ्या. दिवस की रात्र हे पोहे आले की रस्सा आला त्यावरून ठरायचं. रजेवर घरी यायचो तेव्हा आई माझी बॅग दोन दिवस खळ्यात उन्हात टाकायची, डिझेलचा वास जाईपर्यंत आत घ्यायची नाही.

पाचपैकी चार. एक कापला तो निशाण नसण्यासाठी आणि नांगरासाठी. प्रशिक्षक मुलाला वेगळे पाच.

त्या रात्री बाबांना सगळं सांगितलं. त्यांना आता नीट दिसत नाही, व्हिडिओ दाखवला तर म्हणाले राहू दे, तोंडी सांग. मी खडपाचा आकार सांगितला, किल्ल्याच्या कुठल्या बुरुजाच्या रेषेत, पद्मगडापासून कुठे, मध्ये भेग कशी आहे. त्यांनी हाताने हवेत तो आकार काढला, अगदी बरोबर. कधी न बघितलेला. तिथे पन्नास वर्षं दोरी सोडून खोली मापलेली, तेवढ्यावरून. मग मी जाळ्याचं सांगितलं. ते उठून बसले.

"थंय माझां जाळां अडाकलां होतां," म्हणाले. "पावसाच्या तोंडार. तोडून टाकूक लागलां." मग जरा थांबून, "दोरी निळी काय हिरवी?"

मी म्हटलं, त्यावर कालवं धरली आहेत, रंग कळत नाही.

"गाठ कसली होती ती बघलंस?"

गाठ मी बघितली नव्हती. त्यांनी उशाखालची सुतळी काढली आणि अंधारातच त्यांची गाठ बांधून दाखवली, दोन वेढे आणि मध्ये उलटा फास. ती माझ्या हातात दिली. पुढची अष्टमी शुक्रवारी आहे. त्या मुलाला सकाळची पहिली होडी सांगून ठेवली आहे.